राखणीसाठी रॉटवाइलर आणण्याआधी

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवरील एका गृहसंकुलात ११व्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या घरात राहतो. घरात मी, माझे पती, गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या सासूबाई आणि ६ वर्षांची मुलगी अशी चार माणसे आहोत. पती महिन्यातील दहा-बारा दिवस फिरतीवर असतात आणि गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावर चोरी झाल्यापासून मला रात्री शांत झोप लागत नाही. आमच्यापैकी कोणीही आजवर कुत्रा पाळलेला नाही. मला रॉटवाइलर लहानपणापासून आवडतो आणि एका ब्रीडरकडे नर पिल्लू पाहूनही ठेवले आहे. ते आता ३५ दिवसांचे आहे, त्याची शेपूट छाटलेली आहे आणि ‘याच रविवारी घेऊन जा, लवकर नेले की लळा लागतो’, असे ब्रीडर म्हणतो. सोसायटीच्या कमिटीने मात्र या जातीवर सरकारी बंदी असल्याचे सांगून हरकत घेतली आहे. पावसाळा सुरू होण्याआधी पिल्लू घरी आणायचे आहे, तर आम्ही काय तयारी करावी?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातात फार थोडे दिवस आहेत, म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून. हे पिल्लू येत्या रविवारी घरी आणू नका. रॉटवाइलर पाळूच नका, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या माणसांनी ही जात उत्तम सांभाळलेली मी जवळून पाहिली आहे आणि पिल्लू आणण्याआधी तयारी विचारणाऱ्या तुमच्यासारख्या व्यक्तीला ते जमेल, असे मला मनापासून वाटते. फक्त ते पिल्लू या ब्रीडरकडचे नसावे, ते पावसाळ्याच्या तोंडावर येऊ नये आणि चोराच्या भीतीपोटी तर मुळीच येऊ नये.

ब्रीडरचा विषय आधी संपवतो. कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांविषयीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि ८ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. ३५ दिवसांचे पिल्लू देऊ करणारा माणूस हा नियम मोडतो आहे आणि ‘लळा लागतो’ हे केवळ त्याच्या सोयीचे वाक्य आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आपल्या भावंडांशी दंगा करत असते. त्यात एकाने जास्त जोराने चावले की दुसरे केकाटते, खेळ थांबतो, आणि जबडा किती दाबला की समोरच्याला दुखते हे चावणाऱ्याला उमगते. हे शिक्षण आई आणि भावंडेच देऊ शकतात. ते अर्धवट राहिलेले पिल्लू पुढे ५० किलोचे होते, तेव्हा ती उणीव घरातल्या मुलाच्या मनगटावर दिसते.

छाटलेल्या शेपटीचाही विचार करा. जर्मनी हा या जातीचा मायदेश, आणि तेथे १९९८ पासून शेपूट छाटण्यास बंदी आहे. आपल्याकडेही केवळ दिसण्यासाठी प्राण्याचा अवयव छाटणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याला धरून नाही. कायदा बाजूला ठेवला तरी नवख्या मालकाचे यात प्रत्यक्ष नुकसान होते, कारण कुत्र्याच्या मनातले आपण बरेचसे त्याच्या शेपटीवरून ओळखतो. ती ताठ झाली, खाली गेली किंवा पोटाशी दडली, तर अनुभव नसलेल्या माणसालाही काहीतरी बिनसल्याचे कळते. रॉटवाइलरचा चेहरा मुळातच कमी बोलका असतो. त्यात शेपूटही नसली, तर पहिली सूचना तुमच्या हातून निसटते.

चांगला ब्रीडर पिल्लाची आई समोर दाखवतो, आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे दाखवतो, केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळीची कागदपत्रे ‘मागाहून देतो’ असे म्हणत नाही आणि तुमच्या घरी कोण कोण आहे याची तुमच्याकडेच कसून चौकशी करतो. मी स्वतः आईला दहा-पंधरा मिनिटे जवळून पाहिल्याशिवाय पिल्लांकडे वळत नाही. अनोळखी माणूस आल्यावर ती शांतपणे वास घेऊन बाजूला बसली तर पुढचे बोलणे करावे. कोपऱ्यात दबून गुरगुरत राहिली तर पिल्लू कितीही देखणे असले तरी परत फिरावे, कारण भित्रा स्वभाव आईकडून पिल्लांत उतरतो. आणि घरात कुत्र्याची ही पहिलीच वेळ असल्याने नराऐवजी मादीचा विचार करा. पूर्ण वाढलेला नर सुमारे ५० किलोचा, तर मादी सुमारे ४२ किलोची होते. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण ओल्या फुटपाथवर पट्टा एका हातात आणि मुलीचे बोट दुसऱ्या हातात असते तेव्हा तो मोठा असतो.

आता राखणीविषयी. रॉटवाइल हे दक्षिण जर्मनीतील एक गाव. रोमन सैन्याबरोबर गुरे हाकत आलेल्या कुत्र्यांपासून ही जात घडली, असे मानतात. पुढे तेथील खाटकांनी ती गुरे हाकायला, गाड्या ओढायला आणि मालाची राखण करायला वापरली आणि १९१० मध्ये पोलिसी कामासाठी तिला अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे हट्टी बैलाला अंगाने रेटायचे आणि अनोळखी माणसावर नजर ठेवायची, ही दोन कामे या कुत्र्याच्या रक्तात आहेत. तो दीड-दोन वर्षांचा झाला की तुम्ही काहीही न शिकवता दार धरून बसू लागतो. भुंकायला त्याला शिकवावे लागत नाही, थांबायला शिकवावे लागते. तुमच्या दारात चोर कदाचित कधीच येणार नाही; दूधवाला, कुरिअरवाला, गॅसचे सिलिंडर आणणारा, कामवाल्या मावशी, मुलीच्या मैत्रिणी आणि सासूबाईंच्या ओळखीच्या बायका मात्र रोज येतील. या सगळ्यांवर संशय घ्यायचा नाही, हे ज्याला लहानपणी कळले नाही, असा रॉटवाइलर घराची राखण करत नाही, तो घराला कोंडून ठेवतो. म्हणून चोरीच्या भीतीवरचा उपाय भक्कम सेफ्टी डोअर, आतली कडी आणि मजल्यावरचा कॅमेरा यांत शोधा, आणि तो आताच करा. कुत्रा आणायचा तो सोबतीसाठी आणा. त्याच्या नुसत्या असण्याने रात्री जो धीर येतो, तो तुम्हाला आपसूक मिळेल. मुद्दाम चावायला शिकवणारे प्रशिक्षक भेटतील, त्यांना मात्र स्पष्ट नकार द्या.

यात चूक कशी होते हे मी माझ्याच उदाहरणावरून सांगतो. माझा पहिला रॉटवाइलर भैरू नोव्हेंबरात घरी आला. आम्ही तेव्हा नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत राहत होतो. मी त्याला वाहने दाखवली, भाजीबाजार दाखवला, शाळेची पोरे दाखवली, आणि मी सगळे नीट केले आहे अशी माझी खात्री होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तो नऊ महिन्यांचा असताना, सकाळी आम्ही जिना उतरून खाली आलो. शेजारचे वयस्कर काका दाराशी उभे होते. बाहेर सर आली होती, म्हणून त्यांनी बटण दाबले आणि त्यांची काळी छत्री आमच्या तोंडासमोर फटकन उघडली. भैरू आधी एक पाऊल मागे सरकला आणि मानेपासून पाठीच्या टोकापर्यंत त्याचे केस उभे राहिले. ते एक पाऊल मी पाहिले आणि त्याचा अर्थ मला कळला नाही. दुसऱ्या क्षणी त्याने छत्रीवर झेप घेतली, पट्टा माझ्या तळहाताला चाटून गेला आणि काका पायरीवर पडले. दात लागले नाहीत, पण त्यांचे कोपर सोलवटले आणि पुढचे कित्येक महिने भैरू दिसला की ते भिंतीला चिकटून उभे राहत. भैरूने जन्मात छत्री पाहिलेली नव्हती, कारण तो हिवाळ्यात वाढला होता आणि घरात छत्री उघडून दाखवावी असे मला सुचले नव्हते. त्यानंतर आम्ही मिटलेली छत्री रोज त्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवू लागलो, मग अर्धी उघडलेली, मग पूर्ण उघडलेली, आणि शेवटी तो जेवत असताना लांबवर उघडमीट करू लागलो. नऊ महिन्यांच्या कुत्र्याला यासाठी तीन आठवडे लागले. नऊ आठवड्यांच्या पिल्लाला दोन दिवस पुरले असते.

या फरकाला शास्त्रीय आधार आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी बार हार्बर येथील प्रयोगशाळेत अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला, आणि पिल्लू साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या वयात जे शांतपणे अनुभवते ते त्याला पुढे नेहमीचे वाटते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. ही खिडकी कुत्र्यागणिक एखाद-दोन आठवडे मागेपुढे होते, पण ती मिटते. पिल्लू ८ आठवड्यांचे झाल्यावर घरी आणले, तर तुमच्या हाती जेमतेम महिना-दीड महिना उरतो. हा महिना-दीड महिना जून-जुलैत आला तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाणी तुंबलेले, संकुलात माणसे नाहीत, जी आहेत ती रेनकोटात तोंड झाकून धावणारी, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरण्याचा काळ, गवतात गोचीड, आणि पिल्लाचे लसीकरण अपुरे. साहजिकच तुम्ही त्याला घरात ठेवाल. त्यापाठोपाठ ढोल-ताशे येतील आणि नेमक्या बावरण्याच्या वयात दिवाळीचे फटाके येतील.

म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस ८ आठवडे पूर्ण करणारे पिल्लू निवडा. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, सकाळी माणसे बाहेर असतात, लग्नांच्या वराती असतात, म्हणजे बँडचा आवाज लांबून ऐकवायचीही सोय होते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तो वर्षाचा झालेला असतो. लसीकरण १६ आठवड्यांपर्यंत चालते आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. रॉटवाइलरला पार्वोचा धोका इतर अनेक जातींपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तोवर त्याला इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर सोडू नका. मात्र घरातही डांबून ठेवू नका. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू कडेवर मावते. त्याला उचलून संकुलाच्या फाटकाशी न्या, वॉचमनची काठी आणि टोपी पाहू द्या, शाळेची बस थांबते तेथे जरा लांब उभ्या राहा, रिक्षात मांडीवर घेऊन कापूरबावडीच्या नाक्यापर्यंत जाऊन या. लंगडणारा माणूस, कुबडी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, बुरखा, दाढी, पाठीवर पोते घेतलेला मजूर, चाकाची खुर्ची, रडणारे तान्हे मूल, यांतले रोज दोन-तीन प्रकार दाखवा आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. पिल्लू मागे सरले तर पुढे ढकलू नका, तुम्ही मागे या. आणि छत्री व रेनकोट डिसेंबरातच घरात उघडा.

११वा मजला असल्याने लिफ्टचा विचार वेगळा करावा लागेल. मोठ्या कुत्र्यांची संकुलात जी भांडणे होतात, त्यांतली कितीतरी लिफ्टच्या दारातच होतात, कारण दार सरकते तेव्हा दोन्ही बाजूंच्या जिवांना एकमेकांची कल्पना नसते आणि मागे जायला कोणालाच जागा नसते. पिल्लूपणापासून एकच रीत ठेवा. दार उघडले की त्याने आत न घुसता तुमच्या तोंडाकडे पाहायचे, तुम्ही ‘चल’ म्हटल्यावरच आत जायचे, आणि आत मागच्या कोपऱ्यात, तुमच्याकडे तोंड करून बसायचे. तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहायचे. पट्टा इतका आखूड धरावा की तो उठला तरी तुमच्या गुडघ्यापुढे येणार नाही, पण इतका ताणलेला नको की तणाव त्याच्या मानेला कळेल. मध्येच सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि समोर दप्तर घेतलेली दोन मुले असली, तर ‘तुम्ही पुढच्या लिफ्टने या’ असे हसून सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही, उतरायचे तुम्ही. हे मी समजून-उमजून लिहितो आहे. कायद्याने लिफ्ट तुमचीही आहे, परंतु ज्याच्याकडे ४०-५० किलोचा कुत्रा आहे त्याने दोन मिनिटे थांबावे, हे मला न्याय्य वाटते.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर कमिटीच्या हरकतीचे उत्तर येथेच देतो. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींविषयी राज्यांना परिपत्रक पाठवले होते आणि त्यात रॉटवाइलरचे नाव होते, एवढे खरे. मात्र संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यावर किंवा एखाद्या जातीवर बंदी घालता येत नाही, आणि त्याला लिफ्ट वापरण्यापासून रोखताही येत नाही. दुसरीकडे, महापालिकेचा परवाना तुम्हाला काढावा लागेल आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागेल. आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काही विमा कंपन्यांच्या पाळीव कुत्र्यांच्या पॉलिसीत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची भरपाई समाविष्ट असते, ती घ्या. हे सगळे कागद हातात असतील तेव्हा कमिटीसमोर ते फडकावू नका. पिल्लू लहान असतानाच शेजाऱ्यांना घरी बोलवा, त्यांच्या हातून त्याला खाऊ द्या, ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खरी माना. शेजाऱ्यांच्या घरची मुले त्याला नावाने हाक मारू लागली, की हरकतीचा जोर ओसरतो.

तुमच्या घरातल्या दोन व्यक्तींची मला विशेष काळजी वाटते. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि हा कुत्रा प्रेमानेही अंगाने रेटतो, पायांवर टेकून उभा राहतो. बैलाला रेटण्याची ती सवय मायेत उतरलेली आहे, पण वयस्कर माणसाचा तोल जायला तेवढी पुरते. पिल्लू पहिल्या दिवसापासून चारही पाय जमिनीवर असतानाच लाड मिळतात हे शिकले पाहिजे, आणि दिवाणखान्यात त्याची आपली एक चटई असावी, जेथे ‘जागेवर’ म्हटले की तो जाऊन बसेल. पती फिरतीवर असतील तेव्हा पट्टा फक्त तुमच्या हातात राहील, सासूबाईंच्या कधीही नाही. म्हणूनच पिल्लाचे शिक्षण मुख्यतः तुम्ही करायचे आहे. घरच्या पुरुषाचेच ऐकणारा कुत्रा महिन्यातील दहा-बारा दिवस कोणाचेच ऐकत नाही.

मुलीसाठी नियम थोडे पण पक्के असावेत. कुत्रा जेवताना, झोपलेला असताना आणि तोंडात काही असताना त्याच्याजवळ जायचे नाही, त्याच्या गळ्यात पडायचे नाही, आणि मोठे माणूस त्याच खोलीत नसेल तर दोघांनी एकत्र राहायचे नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाणे हेसुद्धा ‘खोलीत नसणे’ आहे. दारात लहान मुलांसाठी मिळते तसले फाटक बसवून घ्या. कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू किंवा ओरडू नका. ‘मला हे नको आहे’ असे तो सांगतो आहे. त्याला बाजूला घ्या आणि कशामुळे गुरगुरला ते वहीत लिहा. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

येथे एका जुन्या समजाविषयी लिहिणे भाग आहे, कारण रॉटवाइलर म्हटले की शेजारचा प्रत्येक जाणकार तुम्हाला तो ऐकवेल: या जातीला धाकात ठेवावे लागते, तुम्ही ‘आल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायला हवे, पिल्लाला उताणे पाडून दाबून धरावे. ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी पुढे रानातले कळप पाहून १९९९ मध्ये ती स्वतःच दुरुस्त केली, कारण रानातला कळप हे आई-बाप आणि त्यांच्या पिल्लांचे कुटुंब असते. धाकाने वागवलेला छोटा कुत्रा सहन करतो. धाकाने वागवलेला रॉटवाइलर एक दिवस आपली ताकद वापरून पाहतो. बक्षीस देऊन शिकवणारा प्रशिक्षक शोधा, त्याचा वर्ग पिल्लाविना आधी पाहून या, आणि त्याच्या हातात काटेरी किंवा विजेचा गळपट्टा दिसला तर परत या. मुसके, म्हणजे तोंडाला लावायची जाळी, हीही पिल्लूपणातच खाऊ देत देत सवयीची करा. दवाखान्यात किंवा अपघातात वेदनेने व्याकूळ झालेला शहाणा कुत्राही चावतो, आणि जिची सवय आहे ती जाळी त्याला शिक्षा वाटत नाही.

घरातील तयारीत मी सर्वात वर तुमच्या फरशीला ठेवतो. आपल्या सगळ्या नव्या घरांत गुळगुळीत टाइल्स असतात आणि वाढत्या रॉटवाइलरचे मागचे पाय त्यांवर सतत फाकतात. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक आहेच, त्यात घसरण्याची भर नको. तो जेथे धावतो-वळतो तेथे, विशेषतः दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, खालून रबर असलेल्या चटया पसरा. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत सोफ्यावरून उड्या आणि जिन्याची धावपळ नको. हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचे औषध आपल्या मनाने देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीचे कॅल्शियम हाडे बिघडवते, म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचेच खाद्य द्यावे. दूध-पोळीवर हा कुत्रा वाढत नाही. मोठेपणी त्याला महिन्याला १५ ते १८ किलो कोरडे खाद्य लागते, आणि जंतांच्या व गोचिडांच्या गोळ्यांपासून भुलीपर्यंत बहुतेक औषधे वजनावर ठरतात, त्यामुळे शेजारच्या पग पाळणाऱ्यांना खर्च विचारून अंदाज बांधू नका. नसबंदीची घाईही करू नका. रॉटवाइलरांवरच झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या कुत्र्यांत हाडाच्या कर्करोगाचा धोका जास्त आढळला, तेव्हा वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पिल्लू येण्याआधी रात्री उघडा असणारा दवाखाना शोधून ठेवा आणि एकदा रात्री गाडीने तेथे जाऊन या. छाती खोल असलेल्या अशा कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा आजार होतो. कुत्रा ओकायला बघतो आणि काही पडत नाही, पोट ढोलासारखे होते, तो अस्वस्थ फिरतो. अशा वेळी तासाभराचाही उशीर जिवावर बेततो, आणि घोडबंदर रोडवरची कोंडी किती वेळ खाते हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसाच्या मोठ्या तपासण्यांसाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहेच.

फिरायला सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर न्या. काळ्या केसांचा हा कुत्रा आपल्या दमट उन्हात लवकर तापतो. येऊर जवळ आहे म्हणून तिकडे नेण्याचा मोह होईल, पण येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे.

या सगळ्यानंतर तुमचा निर्धार कायम राहिला, तर पुढच्या सोमवारपासून एक तालीम करा. एक चांगला पट्टा विकत आणा आणि रिकामाच हातात घेऊन रोज पहाटे पावणेसहाला खाली उतरा, पाऊण तास चाला, संध्याकाळी पुन्हा पाऊण तास, आणि रात्री दहाला एकदा खाली जाऊन या. पाऊस असला तरी, मुलीला ताप असला तरी, पती बाहेरगावी असताना तर नक्कीच. दुपारी दोन वाजता घरात कोण आहे, मे महिन्यात गावी जायचे झाले तर कुत्रा कोठे राहील, मावशी सुट्टीवर गेल्या तर केसांनी भरलेली फरशी कोण पुसेल, हे सगळे एका वहीत लिहा. याच काळात एखाद्या प्राणी निवाऱ्यात महिन्यातून दोन रविवार मोठ्या कुत्र्यांना फिरवायला जा. तेथे कदाचित तीन-चार वर्षांची, मालकाने सोडलेली, स्वभावाने शांत रॉटवाइलर मादी भेटेल. तशी भेटलीच, तर पिल्लाआधी तिचा विचार करा, कारण तिचा स्वभाव तुम्हाला आजच समोर दिसतो.

ब्रीडरला आज फोन करून नकार कळवा, आगाऊ रक्कम दिली असेल तर ती बुडाली तरी चालेल. आणि दिवाळी झाली की त्या वहीतील नोंदींसह मला पुन्हा लिहा. कोणत्या दिवशी खाली जाणे चुकले आणि का चुकले, हेही त्यात असू द्या.